रूट कुणाच्या हातात? युनिक्स सर्व्हरच्या ॲडमिन ॲक्सेसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोली, रबाळे, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यात किती युनिक्स आणि लिनक्स सर्व्हर चालू असतील याचा हिशेब मला करता येणार नाही, पण ते सांभाळणारी माणसं सकाळच्या ठाणे–पनवेल गाडीत हमखास भेटतात. मी त्यांच्यातलाच एक. एकवीस वर्षं हेच काम करतोय आणि त्यातली बरीचशी ऑडिटरांच्या समोर बसून गेली आहेत. ऑडिटची तारीख जवळ आली की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न दर वेळी तेच असतात. म्हणून ते एका जागी लिहून ठेवतोय. बँकेचं किंवा कार्डाचं काम करणाऱ्यांना हे लागेलच, पण पाच सर्व्हरच्या छोट्या कंपनीलाही यातलं बरंच लागू पडतं.

रूट म्हणजे नेमकं काय?

युनिक्समध्ये प्रत्येक खात्यामागे एक आकडा असतो, त्याला यूआयडी म्हणतात. ज्याचा आकडा शून्य, तो रूट. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नाव बघत नाही, आकडा बघतो. शून्य दिसला की परवानग्यांची तपासणी जवळपास संपली: कुणाचीही फाइल वाचता येते, पुसता येते, कुणाचाही पासवर्ड बदलता येतो, आणि पासवर्ड न विचारता दुसऱ्या कुणाच्याही खात्यात शिरून त्याच्या नावावर काम करता येतं. स्वतःच्या पाऊलखुणा असलेला लॉगही पुसता येतो.

म्हणून 'रूट' नावाच्या खात्यावर पहारा बसवून भागत नाही. शून्य आकड्याचं दुसरं एखादं खातं असेल तर तेही तितकंच रूट. एका जुन्या सर्व्हरवर 'टेस्ट' नावाचं असं खातं मी स्वतः पाहिलं आहे. कुणीतरी कधीतरी घाईत केलेलं, नंतर विसरलेलं.

आमच्याकडे पाचच ॲडमिन आहेत, सगळे विश्वासातले. रूटचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असला तर बिघडलं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर मी नियम दाखवून देत नाही, झालेली गोष्ट सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत होतो. तीसेक सर्व्हर, सगळ्यांवर रूटचा एकच पासवर्ड, सात जणांना पाठ. तीन वर्षांत तो बदलला नव्हता. एका शनिवारी रात्री अकरापासून चेंज विंडो (बदल करायची ठरवलेली वेळ) होती आणि पहाटे अडीचच्या सुमारास बिलिंगच्या डेटाची एक अख्खी डिरेक्टरी पुसली गेली. फाइल पुसणाऱ्या आरएम कमांडमध्ये पाथच्या मधोमध एक जादा स्पेस पडली असावी. बॅकअप होता, रविवारी दुपारपर्यंत सगळं परत उभं राहिलं. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला.

कुणी केलं? रूटची हिस्टरी उघडली तर सातही जणांच्या कमांड एकात एक मिसळलेल्या, आणि त्यांच्यापुढे वेळच नाही. लॉगिनची यादी काढली तर त्या रात्री 'रूट' नऊ वेळा आत आला होता, नऊही वेळा एकाच जंप सर्व्हरवरून, म्हणजे ज्यातून बाकीच्या सर्व्हरवर जायचं त्या मधल्या सर्व्हरवरून. सोमवारच्या मीटिंगमध्ये एकेक जण म्हणाला, मी नाही. शेवटी बोट गेलं सगळ्यात लहान मुलाकडे, कारण नाइट शिफ्टला नाव त्याचं होतं. बाकीचे घरून जोडले गेले होते, ते कुठल्या कागदावरच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घणसोली स्टेशनच्या बाहेर चहाच्या टपरीवर तो मला भेटला. आयडी कार्डाची पट्टी मुठीभोवती गुंडाळून घट्ट धरलेली. त्याने एवढंच विचारलं, "सर, मी केलं नाही हे मी दाखवू कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिन्यांत त्याने नोकरी सोडली. ते कुणी केलं हे मला आजही माहीत नाही. माझं नाव त्या सातात होतं, आणि मी नव्हतो हे मलाही दाखवता आलं नसतं.

तेव्हा पाच जणांवर तुमचा विश्वास आहे, फार चांगली गोष्ट आहे. पण एका पासवर्डाने पाच माणसांचा एकच माणूस होतो. त्यातला जो सरळ आहे त्याला स्वतःची बाजू मांडायची सोय उरत नाही. ॲक्सेसवर नियंत्रण म्हणजे ॲडमिनवर संशय, असं जे कुणी म्हणतं त्यांना मी हाच मुलगा आठवून सांगतो: ज्या दिवशी काही बिघडेल त्या दिवशी ही नोंद तुमच्या बाजूने बोलणारी एकमेव साक्षीदार असेल.

'सु' आणि 'सुडो' यांत फरक काय? दोन्हींनी रूटच होता येतं ना?

होता येतं, पण वाट वेगळी आहे. सु तुम्हाला रूटचा पासवर्ड विचारतं, म्हणजे तो तुम्हाला माहीत असावा लागतो, म्हणजे तो वाटावा लागतो. सुडो तुमचा स्वतःचा पासवर्ड विचारतं आणि मग यादीत बघतं, की या माणसाला ही कमांड चालवायची मुभा आहे का. मुभा असो वा नसो, नोंद होते: कुणी, कुठल्या टर्मिनलवरून, कुठल्या डिरेक्टरीत असताना, काय चालवलं. सु फक्त एवढं सांगतं की अमुक माणूस रूट झाला. पुढे त्याने काय केलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत गच्चीची किल्ली ऑफिसात टांगलेली असते. टाकी साफ करायला कुणी आलं की वहीत नाव, वेळ, सही, आणि काम झालं की किल्ली परत. सुडो म्हणजे ती वही. सु म्हणजे किल्लीची डुप्लिकेट करून घरोघर वाटणं.

सुडो काही कालचं नाही. १९८० च्या आसपास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ते पहिल्यांदा लिहिलं, आणि १९९४ पासून टॉड मिलर ते सांभाळतात.

सुडो बसवलं आहे. म्हणजे झालं ना?

नाही. बहुतेक ठिकाणी मी जे बघतो ते असं: सुडो आहे, आणि सुडोअर्स फाइलमध्ये, म्हणजे सुडोच्या त्या यादीत, सगळ्या ॲडमिनच्या नावापुढे तीनदा 'ऑल', म्हणजे सगळं चालेल, असं लिहिलेलं आहे. मग प्रत्येक जण सकाळी आला की सुडो करून रूटचं शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, उघडतो आणि संध्याकाळपर्यंत त्यातच बसतो. लॉगमध्ये दिवसभराची एकच ओळ: अमुक माणसाने शेल उघडलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

दुसरी चूक यापेक्षा कमी दिसते आणि जास्त घातक असते. समजा, कुणाला एकच फाइल बदलायची आहे म्हणून तुम्ही त्याला रूट म्हणून व्हीआय हा एडिटर उघडायची मुभा दिलीत. व्हीआयच्या आत बसून कोलन आणि उद्गारचिन्ह देऊन शेल उघडता येतं, आणि ते शेल रूटचं असतं. म्हणजे एक फाइल द्यायला गेलात आणि अख्खा सर्व्हर दिलात. लेस, मोअर, मॅन, फाइंड, ऑक, टार, पर्ल, पायथन, सगळ्यांमधून बाहेर पडायची अशी वाट आहे. फाइल बदलायला द्यायची असेल तर सुडोएडिट द्या: ते फाइलची प्रत काढून माणसाच्या स्वतःच्या हक्कांवर एडिटर उघडतं आणि बदललेली प्रत परत जागेवर ठेवतं. लॉग वाचायला हवे असतील तर सुडो कशाला, लॉगच्या ग्रुपमध्ये घाला.

तिसरी चूक, 'सगळं चालेल, फक्त एवढं सोडून' असा नियम. सगळ्या कमांडची मुभा आणि उद्गारचिन्ह लावून शेल, पासवर्ड, सु एवढ्या वगळलेल्या. हे कागदावर छान दिसतं. पण तो माणूस शेलची फाइल दुसऱ्या नावाने कॉपी करतो आणि चालवतो, नियमाला त्याचा पत्ताही लागत नाही. सुडोच्या स्वतःच्या मॅन पानावरच या पद्धतीबद्दल इशारा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये तर 'रूट सोडून कुणीही हो' असा नियम असलेल्या ठिकाणी युजर म्हणून उणे एक हा आकडा दिला की थेट रूट मिळतं, असा दोष उघड झाला होता. तो दुरुस्त झाला. पण नकाराच्या यादीवर सुरक्षा उभी करू नये हे तेव्हा पुन्हा दिसलं. काय चालेल ते लिहा, पूर्ण पाथसकट.

स्टारचं चिन्ह वापरतानाही तीच काळजी. लॉग डिरेक्टरीतली कुठलीही फाइल वाचायला म्हणून दिलेला स्टार स्पेसलाही जुळतो, मग त्याच ओळीत दुसरी कुठलीही फाइल जोडता येते. फारच गरज असेल तर सुडो १.९.१० पासून नियमित पॅटर्न लिहिता येतात, ते घट्ट बसतात. आणि जी स्क्रिप्ट सुडोने चालवायला देता ती रूटच्या मालकीची हवी, तिची डिरेक्टरीसुद्धा. चालवणाऱ्याला ती लिहिता येत असेल तर नियम लिहिला न लिहिला सारखाच.

सुडोअर्स फाइल नेहमी व्हिसुडोनेच उघडा. साध्या एडिटरने बदलताना एक स्वल्पविराम चुकला तर सुडो अडू शकतं, जुन्या आवृत्तीत तर कुणालाच चालत नाही, आणि दुरुस्त करायलाही रूट लागतं.

पासवर्ड न विचारणारं सुडो दिलं तर चालेल का?

माणसाला नको. स्क्रिप्टला, एका ठरलेल्या कमांडपुरतं, चालेल.

डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) आणि ॲप्लिकेशनवाले रूट मागतात. किती द्यायचं?

ते रूट मागतात कारण त्यांना काय लागतं हे कुणी बसून विचारलेलं नसतं. मी काय करतो ते सांगतो. दोन आठवडे त्यांच्या कामाची नोंद ठेवतो आणि कुठल्या कमांडसाठी अडलं ते तिकिटांतून वेगळं काढतो. यादी नेहमी छोटी निघते. सर्व्हिस बंद-चालू करणं, ठरलेला माउंट, एक-दोन लॉग, डेटाबेसच्या खात्यात शिरणं. ओरॅकलचा डीबीए असेल तर त्याला नव्वद टक्के काम ओरॅकल या खात्यावर असतं, रूटवर नाही. मग सुडोने त्याला ओरॅकल व्हायची मुभा द्या, तेवढ्याने भागतं. सॉफ्टवेअर बसवताना रूटची जी एखादी स्क्रिप्ट चालवावी लागते, ती ॲडमिनने शेजारी बसून चालवावी.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. नाही म्हणायचं असेल तर त्याच दमात पर्याय द्या आणि तो त्याच दिवशी चालू करून द्या. नुसतं नाही म्हटलंत की लोक चोरवाटा शोधतात. आणि त्यांना दोष देता येत नाही, त्यांच्याही डोक्यावर डेडलाइन असते.

एसएसएचवरून (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) थेट रूट लॉगिन बंद करावं का?

हो, पूर्ण बंद. ओपनएसएसएचने २०१५ मध्ये ७.० आवृत्तीपासून रूटचं पासवर्डने लॉगिन मुळातच बंद ठेवलं, पण 'की', म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, वापरून ते चालू राहतं. आणि की हा विषय पासवर्डपेक्षा जास्त निसटता आहे. पासवर्ड बदलला की जुना मेला. की मात्र रूटच्या ऑथराइज्ड कीजच्या फाइलीत वर्षानुवर्षं पडून राहते. ती फाइल उघडून प्रत्येक ओळीच्या शेवटचं नाव वाचा. तो माणूस अजून कंपनीत आहे का, लॅपटॉप कुठे आहे, हे सांगता आलं नाही तर ती ओळ काढा.

लोकांनी स्वतःच्या नावाने यावं, एका जंप सर्व्हरवरून यावं, तिथे पासवर्डाबरोबर दुसरा पुरावा म्हणजे ओटीपी किंवा हार्डवेअर की द्यावी, आणि आत आल्यावर सुडो करावं.

मग रूटचा पासवर्ड कुणाकडेच नको?

असायला हवा, पण कुणाच्या डोक्यात नको. डिस्क भरली, लॉगिनचा सर्व्हर बंद पडला, नेटवर्क गेलं, की कन्सोलवर रूटशिवाय पर्याय नसतो. प्रत्येक सर्व्हरचा वेगळा, लांबलचक पासवर्ड तयार करा आणि व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्डांच्या कुलूपबंद सॉफ्टवेअरमध्ये, ठेवा. व्हॉल्ट परवडत नसेल तर सीलबंद पाकीट आणि तिजोरी. यात कमीपणा काही नाही, पाकिटाची पद्धत अजूनही चांगली चालते. पाकिटावर सर्व्हरचं नाव, तारीख, सील करणाऱ्या दोघांच्या सह्या. फोडलं की का फोडलं त्याची वहीत नोंद, आणि काम संपल्यावर पासवर्ड बदलून नवं पाकीट.

पहाटे तीनला सर्व्हर पडला तर परवानगीची वाट बघत बसायचं?

अजिबात नाही. आणीबाणीची वाट आधीच आखून ठेवायची असते. ऑन-कॉल माणसाला व्हॉल्टमधून पासवर्ड घेता आला पाहिजे, घेताना कारणाची एक ओळ लिहावी लागली पाहिजे आणि त्याच क्षणी दुसऱ्या कुणाला तरी एसएमएस गेला पाहिजे. मंजुरी दुसऱ्या दिवशी झाली तरी चालते. ज्या धोरणात ही वाट नसते, तिथे एखाद्याच्या मोबाइलच्या नोट्समध्ये रूटचा पासवर्ड सापडतोच.

ही वाट दर तीन महिन्यांनी चालवून बघा, आणि जमलं तर पावसाळ्यात. २६ जुलै २००५ ला या बाजूची किती माणसं ऑफिसात अडकली होती आणि किती जणांना पोचताच आलं नव्हतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना तिजोरीची किल्ली घोडबंदर रोडवरच्या एकाच माणसाच्या घरी असण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

व्हेंडरचा इंजिनियर येतो आणि रूट मागतो.

त्याच्या नावाचं खातं काढा, मुदत घाला, काम संपेल त्या दिवशी ते आपोआप बंद होऊ द्या. रिमोट असेल तर स्क्रीन शेअर, आणि कीबोर्ड शक्यतो आपल्या हातात. 'आमचे लोक सगळीकडे रूटनेच काम करतात' हे उत्तर मान्य करू नका. सर्व्हर तुमचा आहे, नोटीस आली तर तुमच्या नावाने येईल.

बॅकअप, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), मॉनिटरिंग यांच्या खात्यांचं काय?

ही खाती माणसांपेक्षा जास्त असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. प्रत्येकाला एक मालक नेमा, खराखुरा माणूस. त्यांना लॉगिन शेल नको. की वापरत असतील तर ती ठरावीक आयपीवरूनच आणि ठरावीक कमांडपुरतीच चालेल असं बांधून ठेवा. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला सापडला तर तो गेलाच असं समजून आजच बदला.

लॉग कुठे ठेवायचे आणि किती दिवस?

पहिलं म्हणजे, त्याच सर्व्हरवर नाही. रूटला लॉग पुसता येतो हे वर आलंच आहे. नोंद झाली की त्याच क्षणी ती दुसऱ्या सर्व्हरवर गेली पाहिजे, आणि त्या दुसऱ्या सर्व्हरवर या ॲडमिन मंडळींना ॲक्सेस नसावा. हे वेगळेपण जमलं नाही तर बाकीचं सगळं नुसतं सजवलेलं राहतं.

दुसरं, सुडोच्या लॉगबरोबर लिनक्सचं ऑडिटडी, म्हणजे कृतींची नोंद ठेवणारी सेवा, लावा. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. माणूस लॉगिन करतो तेव्हा त्याच्यावर एक शिक्का बसतो, ऑडिट आयडी. नंतर तो सु करो, सुडो करो, तीनदा खाती बदलो, शिक्का तोच राहतो. रूट म्हणून चालवलेल्या कमांडच्या नोंदीतही मूळ माणसाचा आकडा दिसतो. त्या शनिवारी रात्री सगळे आपापल्या नावाने आत आले असते आणि हे असतं, तर तो प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता. सुडोमध्ये अख्खं सेशन रेकॉर्ड करून नंतर व्हिडिओसारखं चालवून बघायचीही सोय आहे, आणि १.९ पासून ती रेकॉर्डिंग थेट दुसऱ्या सर्व्हरवर पाठवता येतात. पण जपून: स्क्रीनवर आलेली ग्राहकाची माहितीही त्यात येते, म्हणजे त्या रेकॉर्डिंगनाही कुलूप हवं.

दिवसांचं म्हणाल तर, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतात ठेवावे लागतात. कार्डाचा डेटा असेल तर पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकानुसार किमान १२ महिने, आणि त्यातले शेवटचे ३ महिने लगेच बघता येतील असे. दोन्ही लागू असतील तर जास्तीचं धरा.

आणि घड्याळं. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत सर्व्हरची वेळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. दोन सर्व्हरमध्ये चार मिनिटांचा फरक असला की कुणाच्या आधी कुणी काय केलं हे जुळवता येत नाही. आणि नोंद लागते ती घाईच्या वेळीच: घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं असतं.

आम्हाला नेमके कुठले नियम लागू आहेत?

कंपनी काय करते त्यावर आहे, तरी ढोबळमानाने असं धरा.

बँक, एनबीएफसी किंवा त्यांचं काम घेणारी कंपनी असाल तर रिझर्व्ह बँक. तिचा आयटी गव्हर्नन्सचा मास्टर डायरेक्शन ७ नोव्हेंबर २०२३ चा, १ एप्रिल २०२४ पासून लागू. त्यात गरजेपुरता ॲक्सेस, जादा हक्क असलेल्यांच्या कामाची नोंद आणि ठरावीक काळाने तपासणी, महत्त्वाच्या यंत्रणांवर त्यांना दुहेरी ओळख, हे सगळं आहे. शेअर बाजाराशी संबंध असेल तर सेबीची २० ऑगस्ट २०२४ ची सायबर चौकट. कार्ड असतील तर पीसीआय डीएसएस, सध्या ४.०.१. त्यात ॲडमिनच्या प्रत्येक कृतीची नोंद, दर ६ महिन्यांनी खात्यांचा आढावा, ९० दिवस न वापरलेली खाती बंद, आणि सामायिक खातं फक्त अपवाद म्हणून, तेही माणूस ओळखता येईल अशा रीतीने. अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीचं काम घणसोलीत बसून करत असाल तर २००२ चा सार्बेन्स-ऑक्सली कायदा तिच्यामार्फत तुमच्या सर्व्हरपर्यंत येतो. आणि लोकांची वैयक्तिक माहिती हाताळत असाल, म्हणजे जवळपास सगळेच, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

नावं वेगळी असली तरी सगळ्यांचे प्रश्न तीनच: कुणाकडे हक्क आहे, तो त्याला कुणी दिला, त्याने तो वापरून काय केलं. या तिन्हींची उत्तरं पुराव्यासकट देता आली तर प्रत्येक ऑडिटसाठी वेगळी धावपळ करावी लागत नाही.

ऑडिटर प्रत्यक्षात काय बघतात?

धोरणाची पीडीएफ ते पाच मिनिटं बघतात. मग सर्व्हरच्या यादीतून मनाला येईल ते दहा उचलतात आणि शून्य आकड्याची खाती, सुडोअर्स, ग्रुप मागतात. एचआरकडून सहा महिन्यांत सोडून गेलेल्यांची यादी घेतात आणि सर्व्हरवरच्या खात्यांशी लावून बघतात. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. शेवटी लॉगमधली एक ओळ दाखवून म्हणतात, या तारखेला रात्री १ वाजून ४० मिनिटांनी अमुक माणसाने सुडो केलं, याचं तिकीट काढा. हे तिन्ही तुम्ही स्वतःच महिन्यातून एकदा करा. मी महिन्याच्या पहिल्या बुधवारी करतो, अर्धा दिवस जातो, आणि दर वेळी काही ना काही सापडतं.

माणूस नोकरी सोडून गेला, तर किती दिवसांत ॲक्सेस काढायचा?

त्याच दिवशी, शेवटच्या हँडशेकच्या आधी. खातं, की, जंप सर्व्हर, व्हीपीएन, आणि त्याला माहीत असलेला प्रत्येक सामायिक पासवर्ड. विभाग बदललेल्यांचंही असंच. ते विसरले जातात, कारण ते रोज समोर दिसत असतात.

आमच्याकडे अजून सोलारिस आणि एआयएक्स हे युनिक्सचे प्रकार आहेत. तिथे हे चालतं का?

चालतं, आणि काही बाबतीत तिथली घरची सोय जास्त चांगली आहे. सोलारिस ११ मध्ये रूट हे मुळात खातं नाहीच, भूमिका आहे: आधी स्वतःच्या नावाने या, मग ती भूमिका घ्या. थेट लॉगिनच होत नाही. एआयएक्स ६.१ पासून हक्कांचे तुकडे करून भूमिकांना वाटता येतात. दोन्हीकडे स्वतःची ऑडिट यंत्रणा आहे, फक्त ती कुणी चालू केलेली नसते. सगळीकडे एकच पद्धत हवी असेल तर सुडो या दोन्हींवर बसतं.

सुडोमध्येच भोक सापडलं तर?

सापडली आहेत. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने जो दोष उघड केला तो २०११ पासून कोडमध्ये होता, आणि सुडोच्या यादीत नाव नसलेल्या साध्या युजरलाही त्यातून रूट होता येत होतं. जून २०२५ मध्ये सीएचरूट पर्यायातला दुसरा गंभीर दोष जाहीर झाला, तो १.९.१७पी१ मध्ये दुरुस्त झाला. म्हणून सुडोचा पॅच पुढच्या तिमाहीच्या चेंज विंडोसाठी राखून ठेवू नका. सर्व्हर रीबूटही करावा लागत नाही. आणि ज्याला सर्व्हरवर काम नाही त्याचं साधं खातंही तिथे ठेवू नका. असे दोष वापरायला आधी आत कुठलंतरी एक खातं लागतं.

जादा हक्कांचा ॲक्सेस सांभाळणारं महागडं पॅम टूल घ्यावं का?

पन्नासच्या वर सर्व्हर आणि वेगवेगळ्या टीम असतील तर घ्या, फायदा होतो. पण आधी सुडोअर्स साफ करा. तीनदा 'ऑल' लिहिलेली फाइल टूलमध्ये नेली तर टूलमध्येही तीनदा 'ऑल'च असेल.

टीमला हे पटत नाही. 'आमच्यावर भरवसा नाही का' म्हणतात.

त्यांचं वाईट वाटणं खरं असतं, ते उडवून लावू नका. ज्या माणसाने दहा वर्षं रात्री-बेरात्री उठून सर्व्हर सांभाळले, त्याच्या हातातून रूट काढताना त्याला मेलने कळवू नये. समोर बसून सांगावं. मी सुरुवात स्वतःच्या नावापासून करतो: माझा थेट रूट आधी बंद, माझी सेशन आधी रेकॉर्ड, आणि ती टीममधल्या सगळ्यात नवीन माणसाने तपासायची. मॅनेजरांनाही तोच नियम. एक जण जरी वगळला तर सगळा डोलारा त्याच्या नावाने पडतो. आमच्याकडे पहिले तीन आठवडे कुरबुर झाली. चौथ्या आठवड्यात एका रात्री एक सर्व्हिस बंद पडली, डेव्हलपरच्या टीमने बोट ॲडमिनकडे दाखवलं, आणि आमच्या माणसाने दोन मिनिटांत लॉग समोर ठेवला, की त्या वेळेत आमच्यापैकी त्या सर्व्हरवर कुणीच नव्हतं. त्यानंतर मला कुणाला काही पटवून द्यावं लागलं नाही.

सुरुवात आजच करायची आहे. एका सर्व्हरवर रूट कोण कोण आहे हे लगेच कसं बघू?

एक सर्व्हर घ्या, शक्यतो सगळ्यात जुना. पासवर्ड फाइलमधला तिसरा रकाना शून्य असलेल्या सगळ्या ओळी काढा, रूट सोडून एकही निघायला नको. मग व्हील, सुडो आणि ॲडमिन या ग्रुपमधली नावं. मग सुडोअर्स आणि तिच्या शेजारच्या सुडोअर्स डॉट डी डिरेक्टरीतली प्रत्येक फाइल. लोक पहिली बघतात आणि दुसरी विसरतात. मग रूटच्या ऑथराइज्ड कीज. मग रूटच्या क्रॉनमध्ये चालणारी प्रत्येक स्क्रिप्ट आणि ती लिहिण्याची परवानगी कुणाला आहे ते, कारण ज्याला ती लिहिता येते तोही रूटच. शेवटी सेटयूआयडी असलेल्या, म्हणजे चालवल्यावर मालकाचे हक्क घेणाऱ्या, फाइलींची यादी काढून ताज्या सर्व्हरच्या यादीशी ताडून बघा.

निघालेली नावं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे कारण लिहायचा प्रयत्न करा. ज्या नावापुढे कारण सुचत नाही त्या माणसाला फोन करून विचारा, मगच काढा. बॅकअपचं खातं न विचारता काढलंत तर पुढच्या सकाळी सहाला फोन तुम्हालाच येईल.